कच्ची किल्ली

११ फेब्रुवारी

पोरी,

माथ्यावर 'चि. सौ.' लिहू का, असं नर्सबाई विचारतायत. मी म्हटलं, नको. एवढी आरास बघितली की तिला संशय येईल आणि न वाचताच फाडेल. नुसतं 'पोरी' लिहा. रुसली असली तरी पोरगी माझीच आहे.

नर्सबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या. लहानपणी इंजेक्शन घेताना तू ज्यांच्या मनगटाला चावली होतीस त्या. आता निवृत्त झाल्यात, हाताशी वेळ आहे आणि चावल्याचा राग धरलेला नाही. मी बोलते, त्या लिहितात. मधूनच 'हे असंच लिहायचं?' म्हणून चष्म्यावरून बघतात. असंच लिहायचं. अक्षर त्यांचं, वाकडेपणा सगळा माझा.

तुझे बाबा लिहून देत नाहीत. कोर्टात गेलेल्या माणसाने समोरच्या पक्षाला पत्रं लिहायची नसतात, असं वकिलाने त्यांना पढवलंय. मी म्हटलं, अहो, समोरचा पक्ष कसला? तिचा शेंबूड पुसलाय मी. तर म्हणाले, "कोर्टात शेंबूड पुरावा म्हणून धरत नाहीत." मग तोंड फिरवून कानस घासत बसले. रिकाम्या लोखंडावर. किल्ली लावलेलीच नव्हती.

कागद तुझ्या हातात पडले असतील. घाबरू नकोस. आम्हाला नातीला, भिंगरीला भेटायचंय, एवढंच त्यात आहे. रविवारचे दोन तास. तू आणि जावईबापूंनी तीन महिने दार बंद ठेवलंत, फोन उचलला नाहीत, तेव्हा तुझे बाबा उठले आणि वकिलाकडे गेले. मी मागोमाग गेले. नवऱ्याच्या मागे जायची सवय या वयात कुठे मोडू?

नोव्हेंबरातल्या त्या दुपारचं मी तुला दहादा सांगितलंय. अकराव्यांदा सांगते. मी जिना चढून आले. तुझं दार उघडं होतं. भिंगरी बाहेर पायरीवर एकटीच बसली होती. तू रात्रपाळी करून आलेली, आत मेल्यासारखी झोपलेली. उठवायला जीव झाला नाही. पोरीला कडेवर घेतलं, दार ओढून घेतलं आणि तिला दुकानात नेलं. तासाभरात आणून सोडणार होते. त्यात पोलीस बोलवण्यासारखं काय होतं?

तू म्हणतेस, दार मी लावलं होतं, मला पक्कं आठवतंय, बाबांनी माझ्या कुलपाची किल्ली ठेवून घेतली आहे. हे तू भर दुकानात म्हणालीस, दोन गिऱ्हाइकं उभी असताना. बाबांनी चाळीस वर्षं गावाची कुलपं उघडली, एकाची किल्ली मागे ठेवली नाही. माणसाला चोर म्हटलेलं चालतं, कुलूपवाल्याला नाही. त्या दिवसापासून ते धड जेवत नाहीत.

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, मग दार उघडलं कुणी? साडेचार वर्षांच्या मुलीचा हात पोचतो का तिथवर?" मी म्हटलं, तुम्ही लिहायला बसलात की तपासाला?

तुझं ते कमी झालं का? घरात कुणीतरी येऊन जातं असं वाटायचं ते? डॉक्टरांच्या गोळ्या घेतेस ना वेळेवर? झोप पुरी कर. झोपेचं खोबरं झालं की भिंतीलाही डोळे फुटतात.

भिंगरीला पापा. देणार नाहीस, ठाऊक आहे. तरी लिहिलाय.

तुझी आई

२२ फेब्रुवारी

पोरी,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे घेतलंस. फाडायला तरी घेतलंस.

आज थट्टा कमी होईल. सांभाळून घे.

वकिलाने अर्जाची प्रत घरी पाठवली होती. तुझ्या बाबांनी ती कपाटावर ठेवून दिली. मी म्हटलं, निदान आपण काय मागितलंय ते ऐकू तरी. नर्सबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान ठीक होतं, आमची नावं, वयं, दुकानाचा पत्ता. दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज बारीक झाला. तिसऱ्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, वाचा ना. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही यावर अंगठा दिलाय?"

दिलाय. तीन ठिकाणी दिलाय. वकील म्हणाला, आजी इथे, आजी इथे, आणि आजी इथे. मी दिला. मला वाटलं, रविवार मागतोय.

त्यात लिहिलंय की तू दिवसा झोपतेस आणि मुलीकडे कुणी बघत नाही. दार उघडं टाकून झोपतेस. मुलगी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात एकटी सापडली. तुला भास होतात, त्यासाठी तू गोळ्या घेतेस. आणि म्हणून चौकशी पुरी होईपर्यंत मुलीचा ताबा आजी-आजोबांकडे द्यावा.

रविवार नाही. ताबा.

तुझ्या गोळ्यांचं वकिलाला कुणी सांगितलं, असं तू विचारशील. मीच. त्याने चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला, आणि म्हणाला, लेकीची तब्येत कशी असते हल्ली? एवढ्या मायेने तुझ्या बाबांनीही मला कधी विचारलं नाही. जीभ सैल सुटली.

तशीच दुकानात गेले. हे एका पेटीचं कुलूप उघडत होते. म्हटलं, "अहो, आपण पोरीकडून पोर काढून घ्यायला निघालोय."

"कुणी सांगितलं?"

"कागदाने सांगितलं."

"वकिली भाषा असते ती. हत्ती मागायचा, तेव्हा शेपूट हाताला लागते."

"आणि हत्तीच दिला तर?"

त्यांनी पेटीतून डोकं वर काढलं नाही. "दार उघडं होतं ना? तूच बघितलंस ना? मग जे आहे ते आहे. तिने मला चोर ठरवलं ते चालतं, आणि मी खरं बोललो तर मी वाईट?"

मी किल्ल्यांचा डबा उघडून निवडत बसले. तुला माहीत आहे, मला अक्षर कळत नाही पण किल्लीचे दात कळतात. डोळे मिटून चाचपलं तरी सांगते, ही कपाटाची, ही दाराची, ही कुणाच्या तरी सायकलची. आज दोन किल्ल्या चुकल्या.

आता नीट ऐक. हे तुला सांगितलं म्हणून वकील मला कच्ची खाईल. बालकल्याण खात्याच्या बाई तुझ्या घरी पाहणीला येणार आहेत, न सांगता. दुपारी बहुधा. दुपारी झोपू नकोस. रात्रपाळीची बदली मिळते का बघ. औषधाच्या बाटल्या उजेडात धरून कण शोधायला कारखान्यात दुसरी कुणी मिळणार नाही का महिनाभर? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून साहेब तुला सोडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी विचार.

आणि गोळ्या वरच्या फळीवर ठेव.

आई

६ मार्च

पोरी,

काल भिंगरी भेटली. जावईबापू तिला घेऊन आले होते, तू आली नाहीस. बरं केलंस. मला तुझ्याकडे बघवलं नसतं.

कोर्टात दुसऱ्या मजल्यावर मुलांना भेटायची खोली आहे. बुटक्या खुर्च्या, एक चाक नसलेला ट्रक, डोळे उपटलेलं अस्वल. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच म्हातारी माणसं बसलेली, हातात खाऊचे पुडे. आपापली नातवंडं अर्धा-अर्धा तास वाट्याला यायची वाट बघत. दवाखान्यात निदान आजार कुठला ते एकमेकांना विचारतात. तिथे कुणी कुणाकडे बघतही नाही.

आत समुपदेशक बाई वही घेऊन बसल्या होत्या. गोड बोलतात. गोड बोलणाऱ्यांची मला आता धास्तीच वाटते.

पोर वाढलीय. पुढचा दात हलतोय तिचा. आधी बापाच्या पायामागे लपली. मग आजोबांनी खिशातून कुलूप काढलं, ते बाहुलीएवढं पितळी, आणि म्हणाले, "हे उघडत नाही बुवा माझ्याच्याने." तेव्हा आली. दोघं खाली सतरंजीवर बसून कुलूप उघडत होती. मला वाटलं, एवढंच बघायला दे, देवा, मग डोळे मिटले तरी चालेल. देवाने लगेच कान उपटले.

बाईंनी विचारलं, "आईबरोबर झोपतेस का गं तू दुपारी?"

भिंगरी म्हणाली, "हो. आई माझा हात बांधते."

"बांधते म्हणजे?"

"तिच्या गाऊनच्या पट्ट्याने. एक टोक मला, एक तिला. मग मी हरवत नाही."

बाईंनी लिहून घेतलं. जावईबापूंचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, असं वाटलं मला. वकिलाच्या माणसाने दारातून मान डोलावली, जशी गवयाला दाद देतात.

मग बाईंनी विचारलं, "आणि त्या दिवशी आजी आली तेव्हा दार कुणी उघडलं?"

पोर कुलूप खेळायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. आणि ओठांवर बोट ठेवलं. असं, सरळ. मग घाईघाईने बोट काढून पाठीमागे लपवलं, आणि बाईंना म्हणाली, "मला माहीत नाही." पाच वर्षं पुरी झाली नाहीत, आणि खोटं बोलताना तिला घाम फुटला होता, पोरी. कपाळावर, केसांच्या कडेला. मी बघितला.

तुझ्या बाबांनी बोट बघितलं नाही. ते कुलपाची स्प्रिंग शोधत होते.

बाहेर आल्यावर वकील हात चोळत म्हणाला, "फारच छान. मूल आजीच्या विरोधात एक शब्द बोललं नाही. आणि बांधून ठेवण्याचं तर सोन्याहून पिवळं झालं." मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. वकील म्हणाला, उन्हाचा त्रास झाला असेल.

ते बोट तिला कुणी शिकवलं, असं नर्सबाई आत्ता विचारतायत. लिहायचं थांबवून विचारतायत. त्यांना उत्तर दिलं नाही. तुलाही आज देत नाही. मला भीती वाटते. कोर्टाची नाही. एकवीस तारखेला कोर्टात सुनावणी आहे, तोवर मी माझं तोंड बंद ठेवीन याची भीती वाटते. आणि उघडलं तर काय होईल, याचीही.

पट्टा सैल बांध. मनगट कोवळं असतं.

आई

१४ मार्च

पोरी,

अक्षर बघून दचकली असशील. हे पत्र तुझे बाबा लिहितायत.

दुपारी दुकान बंद करायला लावलं यांना. म्हटलं, पाटी उलटी करा, कागद घ्या, मी सांगते ते लिहा. "मी तिला पत्र लिहिणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नाही लिहायचं, मी लिहितेय. तुम्ही नुसता हात द्या. नर्सबाईंना सांगून मग तुम्हाला कळलं असतं तर ते शेण दुसऱ्यांदा खाल्ल्यासारखं झालं असतं. एकदाच सांगते, दोघांना मिळून.

भिंगरी सात महिन्यांची होती तेव्हाचं आठव. तुला ताप चढला होता, तू घरात बेशुद्ध पडलीस, दार आतून बंद. मी बाहेर. आत पोर रडत होती. बाबा येईपर्यंत मी त्या दाराला कान लावून उभी होते, आणि मधेच तिचं रडणं थांबलं. ते थांबणं माझ्या कानातून अजून गेलं नाही. यांनी येऊन कुलूप फोडलं. पोर रडून दमून झोपली होती, इतकंच. पण मी त्या दारातून कधी पुरती आत आलेच नाही. अर्धी बाहेरच राहिले.

मग नवीन कुलूप बसवलं. ओढलं की लागणारं. त्याच्या किल्ल्या यांनीच कापल्या. यांची रीत तुला माहीत आहे. आधी एक कच्ची किल्ली कापून बघायची, ती बसली की पक्क्या करायच्या, आणि कच्ची गिऱ्हाइकासमोर मोडून टाकायची. मोडायचं काम माझं. हे किल्ली माझ्या हातात देतात आणि पुढच्या कामाला लागतात. चाळीस वर्षांत एकदाही मान वळवून बघितलं नाही, मोडली का म्हणून.

त्या दिवशी तू पोरीला घेऊन समोर उभी होतीस. मी गल्ल्याखालच्या डब्यातली भंगारातली एक किल्ली उचलली आणि ती तुझ्या डोळ्यांदेखत मोडली. तुझ्या कुलपाची कच्ची माझ्या बटव्यात गेली.

इथे बाबा थांबले. मी म्हटलं, लिहा.

"काय लिहू?"

"बोलले ते."

लिहितायत. पेन दाबून धरलंय, कागदाच्या पाठीमागे उमटेल.

किल्ली ठेवली ती भीतीपोटी. पुन्हा दार आतून बंद झालं तर, म्हणून. याची शपथ घेते. पण भीती घरात घेतली की ती पाय पसरते. तू सांगितलंस, येण्याआधी फोन करत जा. बरोबरच होतं तुझं, पण मला ते झोंबलं. मग तू भिंगरीला शाळेत सोडून बाजारात गेलीस की मी यायला लागले. पाऊण तास मिळायचा. काही चोरलं नाही. खुर्चीवर बसायचे. तिचे कपडे हुंगायचे. कधी घडी घालून ठेवायचे, कधी खेळणी टोपलीत टाकायचे. हात स्वस्थ बसत नाहीत माझे, तुला माहीत आहे. सतरा वेळा आले. मोजलंय.

मग तुझा फोन आला. "आई, माझ्या घरात कुणीतरी येऊन जातं. मी ठेवलेली वस्तू दुसरीकडे असते." तुझा आवाज कापत होता. आणि मी हसले. म्हटलं, झोप कमी पडतेय तुझी. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच म्हटलं. जावईबापू तुला डॉक्टरकडे घेऊन गेले. मला वाटलं, आता यायचं बंद करावं. आणि दुसऱ्या आठवड्यात परत आले.

जी बाई बाटलीतला केसाएवढा कण पकडते, तिला मी सांगितलं की तुझे डोळे खोटं दाखवतात.

नोव्हेंबरात दार बंदच होतं. तू लावलंच होतंस. मला वाटलं, तू बाजारात असशील. आत आले तर तू झोपलेली, आणि पोर जागी, बिछान्यात बसून बाहुलीशी बोलत होती. मला बघून हरखली. मी ओठांवर बोट ठेवलं. ते बोट तिथलं. "आईला झोपू दे, आपली गंमत," म्हणाले. आणि दुकानाकडे येताना सांगितलं, "किल्लीचं कुणाला सांगायचं नाही हं."

नंतर तू दुकानात ओरडताना सांगितलंस की जाग आल्यावर आधी दाराकडे गेले नाही, आधी खिडकीकडे धावले आणि खाली वाकून बघितलं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तिथे, त्या दोन गिऱ्हाइकांसमोर. तुझ्या बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, किल्ली ठेवली नाही. ते खरं बोलत होते. तू खरं बोलत होतीस. तुम्ही दोघं खरी माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झालात, आणि मी मधे उभी राहून डोळ्यांना रुमाल लावला.

किल्ली कुठे आहे, असं यांनी आत्ता विचारलं. बटव्यातून काढून पुढ्यात ठेवली. यांनी उचलली नाही. बोटाने दात चाचपले आणि हात मागे घेतला.

एकवीस तारखेला मी कोर्टात हे सांगणार. मग आपल्याला पोर दिसायची नाही, असं हे म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक आहे. दुकानाचं काय होईल, हे त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

आई

वरचं सगळं ती बोलली तसं लिहिलं. एक शब्द गाळलेला नाही. कुलूप बदलून घे. दुसऱ्या कुणाकडून. — बाबा

२३ मार्च

पोरी,

परत नर्सबाईंचं अक्षर. हे पत्र बाबांना दाखवायचं नाही, तुझ्या नवऱ्यालाही नाही. नर्सबाईंच्या पोटात अर्ध्या गल्लीची दुखणी आहेत, आजवर एकही बाहेर आलेलं नाही.

कोर्टात तू होतीसच. तरी माझ्या बाजूने कसं दिसलं ते ऐक. मी बोलायला उभी राहिले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, बसून बोला. मी म्हटलं, बसले तर उठायची नाही. सगळं सांगितलं. मग आमचाच वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, अर्जदार आजींचं वय झालंय. ताणामुळे त्यांचा गोंधळ उडालाय. त्यांना काहीबाही भास होतात."

भास होतात, म्हणाला. भरल्या खोलीत. आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, मऊ मऊ, कीव करत. मी जितकं 'नाही हो, खरंच' म्हणत गेले तितके ते जास्तच मऊ झाले. तोंड उघडलं की आपण आणखी वेडे दिसतो, असं ते होतं. पोरी, तू हे वर्षभर सोसलंस. मी तर दहा मिनिटांत भिंत धरली.

मग बाबा उठले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "ती शुद्धीवर आहे. ती किल्ली माझ्या हातची आहे. माझ्या दुकानातून बाहेर गेली." वकिलाने त्यांचा सदरा धरून ओढला, तर म्हणाले, "सोड." मागच्या बाकावर आमच्याच गल्लीतला दूधवाला बसला होता, त्याच्या घटस्फोटासाठी आलेला. दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन आपल्या कुलपांबद्दल विचारून गेली. बाबांनी त्यांना स्वतःच सांगितलं, बदलून घ्या.

अर्ज मागे घेतला. न्यायाधीशबाईंनी मला दोनदा विचारलं, "यानंतर मुलगी भेटवायची की नाही, हे सर्वस्वी तिचे आईवडील ठरवतील. कळतंय ना तुम्हाला?" दोन्ही वेळा कळतंय म्हटलं. कळतंय आणि झेपतंय, हे वेगळं आहे. ते त्यांनी विचारलं नाही.

आता व्हरांड्यातलं. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता मारते. मारलं असतंस तर बरं वाटलं असतं. पण तू विचारायला लागलीस, जसं कुणी हरवलेल्या सामानाची यादी तपासतं. "फ्रीजमधला डबा खालच्या कप्प्यात?" मी म्हटलं, मी. "बाथरूममधला टपकणारा नळ?" मी आवळला. "माझा जुना स्वेटर, खुर्चीच्या पाठीवर?" थंडी होती, पांघरला होता, ठेवायला विसरले. एकेका 'मी'ला तुझे खांदे खाली येत होते. जावईबापू बाजूला उभे राहून ऐकत होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मग तू विचारलंस, "आणि शेगडी? दुपारी मी झोपून उठले तर मंद आचेवर पेटती होती. वर काही नव्हतं. दोनदा झालं तसं."

मी म्हटलं, "मीच. पाणी गरम केलं होतं."

तू बाकावर बसलीस. दोन्ही हात तोंडावर घेतलेस आणि म्हणालीस, "म्हणजे मी नव्हे. मी वेडी नाही." आणि रडलीस. जावईबापू तुझ्याशेजारी बसले. मी तिथून निघाले, कारण ती जागा माझी नव्हती.

पोरी, शेगडी मी नव्हे.

तुझ्या घरी मी कधी शेगडीला हात लावला नाही. तू झोपलेली असताना मी एकदाच आले, त्याच दिवशी. तेव्हा मी स्वयंपाकघराकडे वळलेही नाही.

खोटं का बोलले, ते सांगते. आमचा वकील चार हातांवर उभा होता, चिडलेला, कान टवकारून. बालकल्याणाच्या बाई त्याच्या पलीकडे होत्या, पाहणीचा कागद अजून त्यांच्या पिशवीत होता. 'आई दुपारी शेगडी पेटती ठेवून झोपते' एवढं वाक्य त्यांना पुरलं असतं. त्यासाठी आमचा अर्जही लागला नसता. म्हणून म्हटलं, मीच. सतरा खऱ्या गोष्टींत एक खोटी खपून गेली.

पण तुला ते खरं वाटून चालणार नाही. तू आता निर्धास्त झोपशील. सगळं आईच करत होती म्हणून. आणि ती शेगडी तिसऱ्यांदा पेटती राहील, आणि पोर पलंगावर असेल.

तू वेडी नाहीस. तू दमलेली आहेस. माझ्यामुळे वर्षभर एक डोळा उघडा ठेवून झोपलीस, त्यात लागोपाठ रात्रपाळ्या. दमलेलं माणूस शेगडी विसरतं. त्याला गोळी नको, झोप हवी. पाळी बदलून घे. जावईबापूंना सांग की दुपारी झोपण्याआधी स्वयंपाकघरात एक फेरी मारायची, त्यांनी नाहीतर तू. कुणी सांगितलं ते सांगू नकोस.

मी येणार नाही. शाळेच्या रस्त्यानेही जाणार नाही, तुझ्या बाबांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. या पत्राला उत्तरही नको. तुझ्या लिहिण्यात चुकून माया आली तर मला वाटेल दार किलकिलं आहे, आणि माझा माझ्यावर भरवसा नाही.

भिंगरीला एवढं सांग, आजीने गंमत संपवली, आता सगळं बोललेलं चालतं.

हा कागद उद्या कुणाच्या हाती लागला तर तुझ्याच विरोधात उभा राहील. म्हणून वाचून झाला की जाळ. आणि मग शेगडी बंद केलीस का, ते एकदा बघ.

आई